आधी घर, मग कट: हेरमालिका पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या हेरमालिकेत एक उपग्रह होता. त्यातून सिग्नल सुटायचा आणि अर्धी मुंबई भारल्यासारखी रस्त्यावर उतरायची. आठ भागांचा आराखडा लिहिला, स्पायरल बाइंडिंग केलं आणि एका चॅनेलच्या ऑफिसात नॅरेशन द्यायला, म्हणजे तोंडी गोष्ट ऐकवायला गेले. समोर पंचविशीतली क्रिएटिव्ह, म्हणजे चॅनेलसाठी गोष्टी निवडणारी. तिने चाळीस मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "ताई, सिग्नल बंद केला की गोष्ट संपली ना? मग आठ भाग कशाला?" मी एसीकडे बघत बसले. घरी आले तर आईने तीच वही चाळलेली. तिचा आक्षेप निराळा होता. "अगं, ही बाई घरी जेवायला कधी येते?"

माझं पुढचं सगळं शिक्षण या दोन प्रश्नांवर झालं. पोट भरतं ते रोजच्या मालिकांचे संवाद लिहून. हेरकथा आधी रविवारचा नाद होता, नंतर हळूहळू त्याचंही काम मिळायला लागलं. आता नवी मुलं-मुली भेटली की विचारतात, लोकांची डोकी फिरवणारा मोठा कट आणि त्यात अडकलेलं एक घर, असं काहीतरी लिहायचंय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांनी कट आधीच रचलेला असतो आणि घर "नंतर टाकू" म्हणून ठेवलेलं असतं. क्रम उलटा करा. कसा, ते सांगते. बोलायला सोपं पडावं म्हणून एक नमुना मालिका बरोबर घेऊ. आत्ता बसल्या बसल्या रचलेली आहे, हवी तर वापरा.

पहिली पायरी: घरातला एक कागद शोधा

गुपित म्हटलं की नवा लेखक "वडील खरे वडील नाहीत" इथे पोचतो. पोचू दे, पण ते गुपित कळणार कशातून? कुणीतरी दारामागे उभं राहून ऐकलं, हे आता पुरे. मुंबईत गुपितं कागदातून बाहेर पडतात. आणि आख्ख्या इमारतीला एकाच महिन्यात सगळे कागद बाहेर काढायला लावणारी गोष्ट म्हणजे रीडेव्हलपमेंट.

नमुना मालिका अशी. दादरला पागडीची (एकदा ठोक रक्कम देऊन मग नाममात्र भाड्याने राहायची) जुनी तीन मजली इमारत. मुग्धा, वय चौतीस, अंधेरीच्या एका एजन्सीत मोबाइलवरच्या प्रचारमोहिमा लिहिते. वडील, अण्णा, "तार खात्यातून" निवृत्त. आई आहे, शेजारच्या वैद्य काकू आहेत. बिल्डर येतो, सगळे भाडेकरू खूश, कागद मागवले जातात: भाडेपावती, रेशनकार्ड, लाइट बिल. अण्णा सही करत नाहीत. कारणही सांगत नाहीत. मुग्धा त्यांच्या नकळत गोदरेजच्या कपाटातला लॉकर उघडते. प्लास्टिकच्या पिशवीत, रबर तुटून चिकटलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा. १९८६ पासून एकही महिना चुकलेला नाही. आणि प्रत्येक पावतीवर भाडेकरूचं नाव सुमती. आडनाव यांचंच. या नावाची बाई घरात कधी कुणी पाहिलेली नाही.

एवढं हातात आलं की थांबा आणि त्या कागदाला प्रश्न विचारा. सुमती कोण? आईला ठाऊक आहे का? (माझ्या मते असावं. ज्या घरात गुपित फक्त एकालाच माहीत असतं तिथे नाट्य कमी असतं. दोघांना माहीत असतं आणि दुसऱ्यालाही माहीत आहे हे पहिल्याला माहीत नसतं, तिथे जेवणाचं ताट वाढतानासुद्धा सीन तयार होतो.) अण्णा सही करत नाहीत म्हणजे पैसे जास्त मागतायत, असं इमारतीत कोण म्हणायला लागलं? जिन्यात मुग्धाला बघून काकूंनी दार का लोटून घेतलं?

शेवटचे दोन प्रश्न नीट बघा. एका इमारतीत, कुणी मुद्दाम ठरवलेलं नसताना, एका माणसाबद्दल चार दिवसांत एक खोटं पक्कं झालं. पुढे शहरभर जे होणार आहे त्याची ही तालीम आहे. ती पहिल्याच भागात, अजून एकही हेर दिसला नसताना होऊन गेली पाहिजे.

आणखी एक बारीक खूण पेरून ठेवा. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जन्मभर तार खात्यात काम केलेला माणूस त्या दिवशी काहीतरी बोलेल, जुने सहकारी फोन करतील, तार कार्यालयापुढे रांग लावून कुणीतरी शेवटची तार पाठवेल. मुग्धाला आठवतं की त्या संध्याकाळी बातम्या लागल्या होत्या आणि अण्णा दोडक्याच्या शिरा काढत बसले होते. एक फोन नाही, एक शब्द नाही. ही आठवण तिसऱ्या भागात येऊ द्या. पहिल्यात आली तर प्रेक्षक लगेच पकडतो.

दुसरी पायरी: कोण कुणाचा, ते आधी नीट माहीत करून घ्या

इथे फार वेळ घालवू नका, पण चुकू नका. गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी, देशाच्या आतलं बघतो. त्याची मुळं १८८७ पर्यंत जातात. रॉ परदेशातलं बघते. तिची स्थापना २१ सप्टेंबर १९६८ ची, पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. रॉ कॅबिनेट सचिवालयाच्या छत्राखाली चालते, त्यामुळे कागदोपत्री तिचा माणूस "कॅबिनेट सचिवालयात" नोकरीला असतो. यातल्या कुणाला पोलिसांसारखे अटकेचे अधिकार नाहीत. बेड्या घालायला मुंबई पोलीस किंवा राज्याचं दहशतवादविरोधी पथक, एटीएस, लागतं. म्हणून हेराने पिस्तूल रोखून "यू आर अंडर अरेस्ट" म्हणणं लिहू नका. त्याऐवजी तो एका पोलीस निरीक्षकाला विनवतोय, नाव सांगता येत नाही, पत्र दाखवता येत नाही, आणि निरीक्षक चहा ढवळत "साहेब, पण तुम्ही आहात कोण?" विचारतोय, हे लिहा. हद्दीचा हा घोळ लेखकाला फुकट मिळालेला संघर्ष आहे.

निवृत्त अधिकारी ओळखीचा निघाला तरी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. २०२१ मध्ये केंद्राच्या पेन्शन नियमांत बदल झाला. गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कामाशी संबंधित काही प्रसिद्ध करायचं तर आधी परवानगी लागते, मोडलं तर पेन्शनवर गदा येऊ शकते. शिवाय १९२३ चा शासकीय गुपितं कायदा आहेच. मी एकदा एका वयस्कर गृहस्थांसमोर दोन तास बसले. ते रोपांना पाणी घालायची योग्य वेळ कुठली यावर बोलले. निघताना म्हणाले, "तुम्ही लोक फार पळवता आम्हाला. आम्ही बहुतेक वेळ वाट बघण्यात घालवली." अख्ख्या संशोधनातलं सगळ्यात उपयोगी वाक्य तेच.

आपल्याकडचं जुनंही वाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार दिलेत: कापटिक, उदास्थित, तापस, वैदेहक म्हणजे व्यापाऱ्याच्या वेषातला, भिक्षुकी, आणि त्यातच एक गृहपतिक. घरसंसार मांडून बसलेला हेर. आपले अण्णा त्या यादीत दोन हजार वर्षांपासून आहेत.

तिसरी पायरी: अफवा बांधा, आणि ती हातानेच बांधा

इथे थोडं जास्त थांबू, कारण नवे लेखक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. मी पण घसरले, उपग्रहावरून.

माणसाच्या डोक्यात परस्पर हुकूम घालता येतो, ही कल्पना सोडून द्या. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याने सांगितलं की सिनेमा चालू असताना डोळ्यांना जाणवणारही नाही इतक्या झटपट "पॉपकॉर्न खा" असं दाखवलं आणि खप वाढला. १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की हाती धड पुरावा नव्हता. सीआयएने १९५३ पासून एमके-अल्ट्रा या नावाखाली मन ताब्यात घेण्याचे प्रयोग केले, माणसांची आयुष्यं नासवली, १९७३ मध्ये बहुतेक फायली नष्ट केल्या, आणि हुकमी माणूस काही तयार झाला नाही. तुमच्या खलनायकाला तुम्ही जादूची कांडी दिलीत की प्रेक्षकाला भीती वाटायची थांबते, कारण त्याच्या घरी कांडी येणार नसते. फॉरवर्ड रोज येतो.

मग लोक एकाच दिवशी एकच गोष्ट का करतात? मुंबईकराला हे परदेशी पुस्तकातून शिकायला नको. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो, ही बातमी पहाटे उत्तरेतून निघाली आणि दुपारपर्यंत देशभरातल्या देवळांपुढे रांगा. मोबाइल जवळपास कुणाकडेच नव्हते, सगळं लँडलाइनवर आणि तोंडी. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं की चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थरात खाली उतरतं. (हो, तारीख रॉच्या स्थापनेचीच. लेखक असाल तर हात शिवशिवतील. आवरा. खरा प्रसंग तुमच्या कटात कोंबलात की तुम्हीच अफवा पसरवायला लागता.) दुसरा प्रसंग ऑगस्ट २००६ चा, माहीमचा. समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक लोटले, प्याले, बाटल्या भरून घरी नेल्या, महापालिका पिऊ नका म्हणून सांगत राहिली. पावसाळ्यात खाडीत आलेलं गोडं पाणी वरच्या थरात राहिलं, असा खुलासा पुढे आला. लगोलग गुजरातेत तिथलच्या किनाऱ्यावरही पाणी गोड झाल्याची हाकाटी उठली.

या दोन्ही वेळी कुणी कुणाला फसवायला बसलं नव्हतं. म्हणूनच अभ्यासाला चांगले आहेत. लोकांना काय हवं होतं ते बघा. १९९५ ला देवाने आपल्या हातून काही घ्यावं, असं. माहीमला समुद्राने एकदा तरी काही द्यावं, असं. अफवा ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून रिकामी असलेल्या खुर्चीवर येऊन बसते. कटवाला कामाला लागतो तो ती खुर्ची शोधण्यापासून. हा डाव जुनाच आहे. अर्थशास्त्राच्या पाचव्या अधिकरणात तिजोरी भरायच्या उपायांत अनेक फण्यांचा नाग विहिरीत दाखवून बघणाऱ्यांकडून पैसे गोळा करा, असा सल्ला आहे.

मुंबईची रिकामी खुर्ची कोणती? पाणी. शहराला सात तलाव पाणी पाजतात: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा. तुळशी आणि विहार सोडले तर बाकीचे लांब ठाणे-नाशिककडे, नळ उघडणाऱ्याने कधी न पाहिलेले. त्यात जुन्या इमारतींत पाण्याची ठरलेली वेळ असते. पहाटे साडेचारला आई उठते, पिंप भरते, फडकं बांधते. जे रोज लागतं, जे दुसऱ्याच्या हातात आहे आणि ज्याचा उगम दिसत नाही, त्याबद्दलची भीती आयती तयार असते.

आता मेसेज लिहा. खरोखर लिहा, अक्षरन् अक्षर. "व्हॉट्सॲपवर अफवा पसरते" एवढं पटकथेत लिहून चालत नाही. नवखा लेखक असं लिहितो:

"सावधान!! मुंबईच्या पाण्यात विष मिसळले आहे. कोणीही पाणी पिऊ नये. जास्तीत जास्त शेअर करा."

हा मेसेज कुणी मनावर घेत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर याखाली कुणीतरी हसरा चेहरा टाकतं. आता मुग्धाच्या एजन्सीतला माणूस लिहील तो:

"माझ्या नणंदेचे मिस्टर पाणीखात्यात आहेत. त्यांनी घरच्यांना सांगितलंय, आज रात्री अकरानंतरचं पाणी दोन दिवस फक्त भांड्यांना वापरा. ऑफिशियली सांगणार नाहीत, पॅनिक नको म्हणून. मलाही खात्री नाही, पण लहान मुलं असतील त्यांनी जपा."

फरक मोजा. विष हा शब्द नाही. सांगणारा नात्यातला आहे, पण इतका लांबचा की फोन करून विचारता येत नाही. सरकारने काही सांगितलं नाही, हाच पुरावा झाला. "मलाही खात्री नाही" म्हणणाऱ्या बाईला खोटारडी कोण म्हणेल? शेवटी मुलं आली, आता पुढे न पाठवणाऱ्याच्याच मनाला टोचणी. आणि सांगितलंय काय, तर भांड्यांना वापरा, एवढंच. करायला इतकं सोपं की अविश्वास ठेवणारा माणूससुद्धा "काय बिघडतं" म्हणून बिसलेरी आणतो. दुकानासमोर चार माणसं बाटल्या घेताना दिसली की पाचव्याला मेसेजचीही गरज राहत नाही.

पुढचं यंत्र तुम्हाला माहीत हवं. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे तुमची अफवा बटण दाबून शहरभर जाणार नाही. माणसं ती पुन्हा टाइप करतील, आवाजात रेकॉर्ड करतील, आणि प्रत्येक जण आपल्याकडचं थोडं घालेल. नणंदेचे मिस्टर गिरगावात पोचेपर्यंत भाऊजी होतात, घाटकोपरला जिजाजी. या बदलत जाणाऱ्या मेसेजवरून माग काढता येतो आणि तुमच्या नायिकेला तपासाचं हत्यार मिळतं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की ती खरी वाटायला लागते, हे १९७७ च्या एका प्रयोगापासून वारंवार दिसून आलंय. चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली तर काय होईल, सांगायला नको.

मोठ्या पल्ल्याचा कट हवा असेल तर १९८३ चं प्रकरण वाचा. त्या जुलैत दिल्लीच्या "पेट्रियट" या दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं: एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत बनवला. पेरणारे होते केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेचे लोक. १९८५ मध्ये मॉस्कोच्या साप्ताहिकाने तोच मजकूर उचलला, आधार काय, तर भारतीय वर्तमानपत्र. स्वतः पेरायचं आणि मग दुसऱ्याचा दाखला म्हणून उगवलेलं कापायचं. मुग्धाच्या मालिकेत यासाठी एक छोटं स्थानिक साप्ताहिक पुरेल.

एक सूचना पोटतिडकीने. तुमच्या पटकथेतला मेसेज चित्रीकरणात खरा दिसणार आहे. कुणीतरी पडद्याचा फोटो काढेल आणि तो बाहेर पडेल. तलावाचं, वॉर्डाचं, अधिकाऱ्याचं नाव पडद्यावर काल्पनिक ठेवा आणि ही अट पटकथेतच लिहा, कला विभागाच्या भरवशावर सोडू नका.

चौथी पायरी: दोन्ही धागे एकाच गाठीत

कट आणि घर वेगवेगळ्या ट्रॅकवर चालू राहिले की ब्रेकनंतर प्रेक्षक पाणी प्यायला उठतो. गाठ मारायचा माझा उपाय असा: घरात खोटं बोलायची जी पद्धत आहे, तीच पद्धत कटाची ठेवायची. अण्णांनी आयुष्यभर लेकीला जे सांगितलं ते अर्धं खरं, लांबच्या ओळखीच्या हवाल्याने, नेहमी तिच्या काळजीपोटी. मुग्धा एजन्सीत बसून तो मेसेज तपासते तेव्हा तिला तो चांगला वाटतो, कारण तो तिच्या घरासारखा बोलतो. नंतर तिला कळतं की "मलाही खात्री नाही, पण" ही अण्णांची लकब आहे. ज्याने मेसेज लिहिला तो अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. सुमती कोण, याचं उत्तरही इथेच येऊन पडलं पाहिजे. ते मी सांगत नाही, तुमची मालिका आहे.

खऱ्या आयुष्यात अशा गाठी पडतात का? २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले. त्यातल्या एका जोडप्याच्या, कॅनडात जन्मलेल्या दोन मुलांनी सांगितलं की आईवडील कोण आहेत हे आपल्याला त्या दिवशी कळलं. आणि आपल्या मुंबईतच १९४२ मध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. पहिलं प्रसारण २७ ऑगस्टला, ४२.३४ मीटरवर, "भारतातून कुठूनतरी". पोलीस मागावर, यंत्र या घरातून त्या घरात. १२ नोव्हेंबरला पकडले गेले, तेही तंत्रज्ञ फुटला म्हणून. उषाबाईंचे वडील ब्रिटिशांच्या अमदानीत न्यायाधीश राहिलेले. ते १९३० मध्ये निवृत्त झाले आणि मग लेकीची वाट थोडी मोकळी झाली. गामदेवीच्या मणिभवनात एक दुपार घालवा, आणि काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे रीतसर अर्ज करून जुन्या फायली बघता येतात. त्या काळातल्या सरकारी नोंदींतली कोरडी भाषा कानात बसली की तुमच्या अधिकाऱ्यांचे संवाद आपोआप कमी फिल्मी होतात.

पाचवी पायरी: भाग पाडणं

हे लवकर उरकते. ओटीटीसाठी आठ भाग धरा, चाळीसेक मिनिटांचे. रोजच्या मालिकेसाठी हा विषय घेऊ नका. तिथे भाग बावीस मिनिटांचा, शूटिंग डोक्यावर, बँक (आधीच शूट करून ठेवलेले भाग) कधी दोन भागांची तर कधी नाहीच, आणि रेटिंग पडलं की सुमतीची जुळी बहीण आणावी लागेल. प्रत्येक भागाला एक कागद द्या. पहिल्यात भाडेपावती, दुसऱ्यात पेन्शनचं पासबुक (पैसे कुठल्या खात्याकडून येतात ते बघा), तिसऱ्यात शाळेचा दाखला, असं. भागाच्या शेवटचा धक्का गोळीबाराने देण्यापेक्षा कागदावरच्या तारखेने द्या. स्वस्तही पडतो.

सहावी पायरी: मुंबई पोस्टकार्डातली नको

सी-लिंक, मरीन ड्राइव्ह, डब्यात चिठ्ठी लपवणारा डबेवाला, हे सगळं आधीच काढून टाका. हेराला गर्दीत हरवायचं असतं, देखाव्यात उभं राहायचं नसतं. सकाळी नऊ दहाची विरार फास्ट, भांडुपचं रेशन दुकान, लालबागची मिरची गल्ली (शिंका येतात, पाठलाग करणारा ओळखू येतो, मी हा सीन लिहिलाय, चालतो).

आणि तपशील तपासा, कारण तपशिलातच कथा लपलेली असते. ९ डिसेंबर २०२३ पर्यंत दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजले जायचे. म्हणजे एक नंबरचा फलाट दोन. त्या दिवसापासून सलग आकडे आले, पश्चिमेचे आधी आणि मध्यचे आठपासून पुढे. आता विचार करा. २००६ चा प्रसंग आहे, अण्णांना निरोप येतो: "दादर, एक नंबर, सहा वाजता." अण्णा पश्चिम रेल्वेच्या एकवर, समोरचा माणूस मध्यच्या एकवर. दोघंही चाळीस मिनिटं उभे. मध्ये एक पूल. त्या चाळीस मिनिटांत जे घडतं त्यावर पुढची सतरा वर्षं उभी राहतात. हा सीन परदेशी मालिकेत सापडणार नाही, आणि ज्या मुंबईकराचा असा घोळ झालाय तो उडीच मारेल. चित्रीकरण करायचं तर पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या परवानग्या वेगळ्या घ्याव्या लागतात, हे निर्मात्याला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच मीटिंगमध्ये तो पूल कापला जाईल. रेकीला जाताना नौदलाच्या गोदीसारख्या प्रतिबंधित जागांचे फोटो काढायला जाऊ नका. गुपितं कायद्याला तुमची कथा माहीत नसते.

सातवी पायरी: कागद तुमचेही

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं: कल्पना, विषय, कथासूत्र यांवर हक्क नाही, ती ज्या रीतीने मांडलीत त्या मांडणीवर आहे. म्हणून तोंडी कथा सांगत फिरू नका. मी सांगितली होती. कुठल्या ऑफिसात ते सोडा, चहा चांगला होता. वर्षभराने तशीच एक इमारत, तसाच सही न करणारा म्हातारा एका मालिकेत दिसला. चोरी होती की योगायोग, मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवता आलं असतं तरी हातात एक ईमेलसुद्धा नव्हता.

तेव्हा लिहून काढा: एक पानाचा वन-पेजर, दहा-बारा पानांचं बायबल (मालिकेचं जग, पात्रं आणि भागांचा आराखडा), पहिल्या भागाची पूर्ण पटकथा. अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, सभासद व्हा, ऑनलाइन नोंदणी करा. नोंदणी म्हणजे कॉपीराइट नव्हे, अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा तो पुरावा. प्रत्येक मीटिंगनंतर त्याच रात्री ईमेल: आज भेटलो, हे ऐकवलं, ही फाइल जोडली आहे.

करार समोर आला तर तीन गोष्टी बघा. किती मुदतीसाठी हक्क देताय? कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. वर्षभरात त्यांनी हक्क वापरलेच नाहीत तर ते परत तुमच्याकडे येतात का? करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर येतात, पण बहुतेक करारांत उलट लिहिलेलं असतंच. ते कलम शोधा. आणि श्रेय: आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी नावं वेगवेगळी लागतात. तुम्ही तिन्ही केलंत आणि करारात "लेखन सहाय्य" एवढंच असेल तर सही करू नका. अण्णांसारखे अडून बसा, इमारत काय म्हणायची ते म्हणेल.

नॅरेशनला जाताना छापील वन-पेजरच्या दोन प्रती न्या. वीस मिनिटांत आटपेल असं बसवा, घरी कुणालातरी समोर बसवून घड्याळ लावून म्हणा. सुरुवात लॉकर उघडण्यापासून करा, शहरावरच्या संकटापासून नको. ऐकणाऱ्याने मध्येच "सुमती कोण?" विचारलं तर लगेच सांगू नका, "तिकडे येतेय" म्हणा आणि पाणी प्या. आणि आईला आधी ऐकवा. माझ्या आईने ही नमुना मालिका ऐकून विचारलं, "पिंप भरलेलं होतं ना आधीच? मग त्यांनी बाटल्या कशाला आणल्या?" दुसरा भाग मी अजून दुरुस्त करतेय.